शोव्हेलचा रिसाला

1817 च्या उन्हाळ्यात दुसऱ्या बाजीरावाकडून कंपनी सरकारने जो तह लिहून घेतला, त्यातील अटींप्रमाणे पेशव्यांच्या खर्चाने आणि कंपनीच्या हुकमतीखाली पुण्यास एक घोडदळ उभे राहिले. हेच घोडदळ पुढे कोरेगावच्या लढाईत प्रत्यक्ष पेशव्यांच्याच फौजेसमोर उभे ठाकले. आणि त्याहीपुढे शंभर वर्षे लोटल्यावर, ‘पूना हॉर्स’ या नावाने आणि बव्हंशी राजपूत, कायमखानी व पंजाबी स्वारांनी भरलेले असे, ते पॅलेस्टाइनच्या मैदानातून दमास्कसच्या रोखाने दौडत होते. ज्या सेनापतीच्या हुकमाने ही दौड चालली होती तो ना इंग्रज होता ना हिंदी. ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्स प्रांतात, क्लॅरेन्स नदीकाठच्या टॅब्युलम नावाच्या पशुपालकांच्या वसाहतीत तो जन्मास आला होता. हेन्री जॉर्ज शोव्हेल हे त्याचे नाव. घरात व सैन्यात सारे त्याला हॅरी म्हणत. आधुनिक युद्धांच्या इतिहासात एका हुकमतीखाली वावरलेल्या अत्यंत मोठ्या अश्वसेनांपैकी एक या मनुष्याने चालविली, आणि तरीही त्याचे नाव आज त्याच्या मायदेशाबाहेर फारसे कोणास ठाऊक नाही. त्याच रणभूमीवर वावरलेल्या एका कर्नलाचे नाव मात्र सर्वतोमुखी झाले. पण ती हकीकत यथाक्रम येईलच.

शोव्हेलचा जन्म 16 एप्रिल 1865 चा. घराणे मूळचे फ्रान्समधील प्रॉटेस्टंट पंथाचे, धर्मच्छळामुळे इंग्लंडात आश्रयास आलेले. आजोबा हिंदुस्थानच्या फौजेतून निवृत्त झाले ते नव्या दक्षिणखंडात जमिनी घेऊन स्थायिक झाले, आणि नातवाच्या वाट्यास गुरे, मेंढ्या व घोडे यांचा पिढीजाद संसार आला. वडिलांनी आपल्या मुलखात ‘अपर क्लॅरेन्स लाइट हॉर्स’ ही स्वयंसेवकांची तुकडी उभारली आणि 1886 साली एकविसाव्या वर्षी मुलास तीत अधिकारपद मिळाले. आपल्याकडील जुन्या शिलेदारांप्रमाणे या स्वारांचे घोडे त्यांचे स्वतःचेच असत. घोडा मेला तर नुकसान कोणाचे, याचा हिशेब ज्यास लहानपणापासून ठाऊक असतो, तो मनुष्य पुढे दुसऱ्याच्या घोड्याशीही उधळेपणाने वागत नाही. शोव्हेलच्या साऱ्या लष्करी स्वभावाचे मूळ मला येथे दिसते.

पुढे कुटुंब क्वीन्सलंडात गेले, तेथील कायम फौजेत तो दाखल झाला, 1897 साली व्हिक्टोरिया राणीच्या हीरक महोत्सवासाठी लंडनला जाऊन आला आणि बोअर युद्धात क्वीन्सलंडच्या स्वारांबरोबर किंबर्लीचा वेढा उठविण्याच्या मोहिमेत लढला. या वर्षांवर रेंगाळण्याचे कारण नाही. ती एका कर्तव्यदक्ष, मितभाषी, काहीशा औपचारिक अधिकाऱ्याची वर्षे होती, आणि महायुद्ध झाले नसते तर त्याचे नाव एखाद्या प्रांतिक फौजेच्या दप्तरातच राहिले असते.

1914 च्या ऑगस्टात युद्ध पेटले तेव्हा तो साम्राज्याच्या मध्यवर्ती सेना-कचेरीत ऑस्ट्रेलियाचा प्रतिनिधी म्हणून रुजू होण्यासाठी लंडनला येत होता. ऑस्ट्रेलियन फौज इंग्लंडात येऊन सॉल्झबरीच्या माळावर तळ देणार असे ठरलेले होते. त्या तळाच्या पाहणीचे काम याच्याकडे आले, आणि अर्धवट उभ्या बराकी, चिखल व येऊ घातलेला हिवाळा हे सारे पाहून त्याने वरिष्ठांना स्पष्ट कळविले, की उन्हाच्या देशातली माणसे येथे तंबूंत ठेवणे म्हणजे लढाईवाचून त्यांची हानी करणे होय. हायकमिशनर सर जॉर्ज रीड यांनी हे म्हणणे लॉर्ड किचनेरपर्यंत नेले आणि फौजेची जहाजे इजिप्तमध्ये उतरविण्याचा हुकूम झाला. गॅलिपोलीच्या किनाऱ्यावर 1915 च्या एप्रिलात जे घडले, ज्यावर पुढे एका राष्ट्राच्या आत्मभानाची उभारणी झाली, ते ही फौज इजिप्तमध्ये होती म्हणूनच घडू शकले. थंडीपासून शिपायांचा बचाव करण्यासाठी केलेल्या एका साध्या शिफारशीची परिणती अशी काही हजार थडग्यांत व्हावी, हा इतिहासाचा न्याय विचित्र खरा. पण त्याचा दोष शिफारस करणाऱ्याकडे जात नाही.

गॅलिपोलीत त्याच्या 1 ल्या लाइट हॉर्स ब्रिगेडने घोडे इजिप्तमध्ये ठेवून पायदळासारखी खंदकांतली लढाई केली. तेथील घळींत शत्रू कित्येक ठिकाणी काही यार्डांवर असे. वर्षअखेर तो 1 ल्या डिव्हिजनचा सेनापती झाला होता; परंतु 1916 च्या मार्चमध्ये, आपली बहुतेक फौज फ्रान्सला निघालेली असताना, त्याने इजिप्तमध्ये राहून ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंडच्या स्वारांच्या नव्या ‘अँझॅक माउंटेड डिव्हिजन’चे आधिपत्य पत्करले. कीर्ती जिकडे होती तिकडे तो गेला नाही. घोडे जिकडे होते तिकडे गेला.

येथून त्याच्या चरित्राचा खरा भाग सुरू होतो, आणि या भागाचा नायक पाणी आहे. सिनाईच्या वाळवंटात सैन्याची चाल ठरविणारी गोष्ट शत्रूची तोफ नसून विहीर असते. पूर्ण ओझे घेतलेला घोडा रोज काही गॅलन पाणी मागतो. त्याला दीड-दोन दिवस ते मिळाले नाही तर स्वार पायदळी होतो, आणि वाळवंटात पायदळी झालेला स्वार म्हणजे कैदी किंवा प्रेत. म्हणून प्रत्येक लढाईत शोव्हेलच्या मनात दोन घड्याळे चालत. एक लढाईचे आणि दुसरे तहानेचे. 4 ऑगस्ट 1916 रोजी रोमानी येथे तुर्कांनी सुएझ कालव्याच्या रोखाने हल्ला केला तेव्हा त्याने आपल्या दोन ब्रिगेडी रात्रभर टेकडी-टेकडीने मागे घेतल्या. तुर्क शिपाई उन्हे चढेपर्यंत मऊ वाळूत पुढे येत राहिले, त्यांचे पाणी संपले, आणि मग या बाजूने ताज्या पलटणी पुढे घातल्या गेल्या. दुसऱ्या दिवसाअखेर चार हजारांच्या घरात कैदी हाती आले. त्या रणभूमीवरचा हा पहिला निर्णायक विजय. सरसेनापती मरे यांच्या खलित्यात मात्र ऑस्ट्रेलियन स्वारांच्या वाट्यास स्तुती बेताचीच आली आणि ही गोष्ट शोव्हेलला फार लागली.

डिसेंबरात मॅगधाबा येथे याच सावधपणाने त्याची जवळजवळ फजिती केली. एल आरिशहून रात्रभर वीस-बावीस मैल दौड करून त्याने ठाणे वेढले. पण दुपारपर्यंत तटबंदी ढळेना, पाणी कोठेच लागले नाही, घोड्यांना परत एल आरिशलाच पाजणे प्राप्त होते. दोन घड्याळांपैकी दुसऱ्याने निकाल दिला आणि शोव्हेलने माघारीचा हुकूम सोडला. तो 1 ल्या ब्रिगेडच्या कॉक्सकडे पोहोचला तेव्हा त्याची माणसे संगिनी चढवून अखेरच्या धावेस निघण्याच्या बेतात होती. कॉक्सने हुकमाकडे काही काळ दुर्लक्ष केले, मोर्चा घेतला, आणि संध्याकाळपर्यंत तेराशेच्या आसपास कैद्यांसह ठाणे पडले. हा प्रसंग त्याचे निंदक त्याच्या भित्रेपणाचा दाखला म्हणून देत. माझ्या मते त्यातून उलट गोष्ट दिसते. हाताखालच्या ब्रिगेडियरने हुकूम न ऐकता जिंकल्यावर त्याच्यावर डूख न धरणारे सेनापती त्या युद्धात, किंवा कोणत्याही युद्धात, मोजकेच सापडतील.

1917 च्या मार्चमध्ये पहिल्या गाझाच्या लढाईत हेच फिरून घडले, पण या वेळी उलट्या बाजूने. स्वार शहराच्या वस्तीत शिरले असताना वरून डोबेल व चेटवोड यांनी सूर्यास्ताच्या सुमारास माघारीचा हुकूम दिला, आणि शोव्हेलला, त्याची इच्छा नसताना, हाती आलेले शहर सोडावे लागले. एप्रिलमधील दुसऱ्या हल्ल्यात इंग्रज पायदळाची भयंकर हानी झाली. मरे यांची उचलबांगडी होऊन त्यांच्या जागी फ्रान्सहून जनरल ॲलनबी आले. दांडगट शरीराचा, कडक, तापट असा हा मनुष्य होता, आणि ऑगस्टात त्याने तीन घोडदळ डिव्हिजनांची ‘डेझर्ट माउंटेड कोअर’ बांधून तिचे आधिपत्य शोव्हेलकडे दिले. लेफ्टनंट जनरलचा हुद्दा आणि कोअरची हुकमत मिळविणारा तो पहिला ऑस्ट्रेलियन. वसाहतीतून आलेल्या अधिकाऱ्याच्या हाताखाली इंग्लंडातील खानदानी योमनरी पलटणी राहाव्यात, हे कित्येकांच्या पचनी पडले नसेल. ॲलनबीने मात्र त्याची पर्वा केली नाही.

गाझा आणि बीरशेबा या दोन टोकांमध्ये तुर्कांची तीस मैलांची फळी होती. समुद्राकडील गाझावर पुन्हा डोके आपटण्याऐवजी डावलून आत वळावे आणि बीरशेबा घ्यावे, हा मनसुबा. पण बीरशेबापुढे पाणी नव्हते. शोव्हेलच्या कचेरीत जुन्या संशोधकांचे वृत्तांत चाळले गेले. खलासा व अस्लूज येथे प्राचीन नगरांचे अवशेष असल्याची नोंद होती, आणि जेथे हजारो लोक राहिले तेथे विहिरी असल्याच पाहिजेत, असे अनुमान निघाले. विहिरी होत्या, तुर्कांनी त्या सुरुंगांनी उडविलेल्या होत्या. ऑक्टोबरभर इंजिनियरांनी त्यांतील दगडमाती उपसली. त्या उपशावाचून पुढची दौड झाली नसती, परंतु कोणत्याही चित्रकाराने ती उपसणारी माणसे रंगविलेली नाहीत.

30 ऑक्टोबरच्या रात्री हजारो स्वार त्या विहिरींवरून निघून वाळवंटाच्या वळणाने बीरशेबाच्या पूर्वेस पहाटे येऊन पोहोचले. नैर्ऋत्येकडून पायदळाने हल्ला चढविला. पूर्वेकडील तेल एस-सबा ही टेकडी न्यूझीलंडच्या स्वारांना दुपारी तीनच्या सुमारास मिळाली, आणि तोवर दिवस ढळत आला होता. तुर्की ठाण्याचा अंमलदार इस्मत बे, जो पुढे तुर्कस्तानचा अध्यक्ष इस्मत इनोनू झाला, हाती उरलेली माणसे घेऊन निघण्याची सिद्धता करीत होता, आणि गावातल्या विहिरींना सुरुंग लावलेले होते. सूर्यास्त पाचच्या आत. कित्येक घोड्यांना आदल्या दिवसापासून पाणी नव्हते, काहींना त्याहूनही अधिक काळ. विहिरी शाबूत मिळाल्या नाहीत तर रात्रीच हजारो जनावरे मागे न्यावी लागतील आणि मोहीमच फसेल, हा हिशेब करण्यास फार बुद्धी लागत नव्हती. तो पुरा करण्यास लागत होती.

शोव्हेलजवळ दोन ब्रिगेडी राखीव होत्या. फिट्झेराल्डची योमनरी तलवारींनिशी सज्ज होती, पण दूर होती. ग्रँटच्या 4 थ्या लाइट हॉर्स ब्रिगेडजवळ तलवारी नव्हत्या, कारण लाइट हॉर्स म्हणजे घोड्यावरून जाऊन पायउतार होऊन लढणारे बंदूकधारी. पण ती जवळ होती. दोघेही ब्रिगेडियर हक्क सांगत होते. आयुष्यभर हिशेब करणाऱ्या मनुष्याने ग्रँटला सरळ घाला, एवढेच सांगितले. साडेचारच्या सुमारास 4 थी व 12 वी या दोन रेजिमेंटांचे सुमारे आठशे स्वार, माणसामाणसांत काही यार्डांचे अंतर राखून, तीन ओळींत, प्रथम चालीने, मग दुडक्या चालीने आणि अखेर चौखूर उधळत सुटले. हातांत संगिनी, कारण तलवारीसारखे धरता येईल असे दुसरे काही नव्हते. बाजूने मशीनगन झडू लागल्या, त्या एका ब्रिटिश तोफखान्याने तात्काळ गप्प केल्या. तुर्की शिपायांनी, जे स्वार नेहमीप्रमाणे पायउतार होतील अशी अपेक्षा धरून होते, बंदुकांच्या माशा लांबच्या पल्ल्यावरच ठेवल्या. घोडे जवळ येत गेले तसतशा गोळ्या डोक्यांवरून जाऊ लागल्या. खंदक ओलांडले गेले, काही जण उतरून खंदकांतच हातघाईला भिडले, उरलेले थेट गावात शिरले. या बाजूचे 31 ठार व 36 जखमी. कैदी सातशेंच्या वर. थोड्याच विहिरी उडाल्या, बाकीच्या वाचल्या. इस्मत बे निसटला.

या धावेला घोडदळाची अखेरची महान धाव म्हणण्याचा शिरस्ता पडला आहे. तो अर्थातच खोटा आहे, कारण त्यानंतर वर्षाच्या आत शोव्हेलच्याच हुकमतीत याहून मोठे पराक्रम झाले. आणखी एक गोष्ट सांगितली जात नाही. बीरशेबाचे पाणी अपेक्षेपेक्षा कमीच निघाले, पुढच्या आठवड्यात घोड्यांची पुन्हा तारांबळ उडाली, आणि तुर्कांची माघार पूर्ण कोंडणे जमले नाही. तथापि फळी फुटली होती, आणि डिसेंबरात जेरुसलेम पडले.

1918 च्या वसंतात फ्रान्समधील जर्मन चढाईमुळे योमनरी पलटणी तिकडे गेल्या आणि त्यांच्या जागी फ्रान्सच्याच चिखलातून मोकळे झालेले हिंदी घोडदळ आले. 14 व्या ब्रिगेडमध्ये पूना हॉर्स व डेक्कन हॉर्स शेजारी-शेजारी आले. 15 व्या ब्रिगेडमध्ये संस्थानी फौजा होत्या. त्यांच्या बुडाखालचे घोडेही बहुतांशी ऑस्ट्रेलियाचेच. न्यू साउथ वेल्सचे म्हणून ‘वेलर’ या नावाने ते मुंबई, मद्रास व कलकत्त्याच्या बंदरांत अर्ध्या शतकाहून अधिक काळ उतरत आले होते.

उन्हाळा जॉर्डनच्या खोऱ्यात गेला. समुद्रसपाटीहून हजार फूट खाली, धूळ, विंचू आणि डास यांच्या संगतीत ही फौज मुद्दाम ठेवली होती, जेणेकरून हल्ला तिकडूनच होणार अशी तुर्कांची समजूत व्हावी. सप्टेंबरात स्वार रात्री-रात्री किनाऱ्याकडे हलविले आणि खोऱ्यात मागे रिकामे तंबू व कापडाचे घोडे उभे राहिले. 19 तारखेस पायदळाने किनाऱ्याची फळी फोडताच त्या खिंडारातून शोव्हेलच्या तीन डिव्हिजना आत शिरल्या. 20 च्या पहाटे 13 व्या ब्रिगेडने नाझरेथ गाठले आणि जर्मन सरसेनापती लिमान फॉन सँडर्सला घाईघाईने पळ काढावा लागला. 4 थ्या कॅव्हलरी डिव्हिजनने सुमारे 34 तासांत सत्तर मैल कापून बायसान घेतले. 23 रोजी जोधपूर व म्हैसूरच्या लान्सर्सनी हैफा भाल्यांनी जिंकले. दिल्लीच्या तीन मूर्ती चौकातील पुतळे त्या संस्थानी ब्रिगेडचे स्मारक आहेत. अखेरीस 30 सप्टेंबरला 14 वी ब्रिगेड दमास्कसच्या दक्षिणेस किस्वेनजीक माघार घेणाऱ्या तुर्कांवर तुटून पडली, पश्चिमेस ऑस्ट्रेलियनांनी बरादा नदीची अरुंद घळ रोखली, आणि 1 ऑक्टोबरच्या पहाटे मेजर ओल्डनची 10 वी लाइट हॉर्स शहरातून पार झाली.

याच दिवशी, थोड्याच वेळाने, कर्नल टी. ई. लॉरेन्स आपल्या अरब सहकाऱ्यांसह दमास्कसमध्ये पोहोचला. पुढे त्याच्या ‘सेव्हन पिलर्स ऑफ विज्डम’ या ग्रंथाने जगास असा समज करून दिला, की शहर अरबांनी घेतले आणि शोव्हेल हा कोणी गोंधळलेला, औपचारिक, परिस्थितीचे आकलन नसलेला जनरल होता. लॉरेन्सची लेखणी असामान्य होती यात शंका नाही, पण लेखणी असामान्य असली म्हणजे हकीकत खरी होत नाही. शोव्हेलच्या डोक्यावर त्या आठवड्यात हजारो कैदी, अन्नाची टंचाई, तुर्की इस्पितळांतील भयाण अवस्था, अरब राज्यकर्त्यांचे परस्परांतील कलह आणि जॉर्डनच्या खोऱ्यातून अंगात घेऊन आलेला हिवताप व त्याच्या जोडीला आलेला इन्फ्लुएन्झा हे सारे एकदम येऊन पडले होते. आपले स्वार रोज डझनांनी आजारी पडत असताना शहराचा कारभार चालविणे, आणि त्यात ॲलनबी व अरब बंडाचा पुढारी अमीर फैसल यांच्यातील कठीण मुलाखतीस साक्षी राहणे, यात नाट्य नव्हते; म्हणून ते वाङ्मयात आले नाही. बऱ्याच वर्षांनी शोव्हेलने ऑस्ट्रेलियन वॉर मेमोरियलच्या संचालकास पत्र लिहून त्या ग्रंथातील आपल्याविषयीच्या विधानांचा मुद्देसूद इन्कार केला. ते पत्र दप्तरात गेले आणि ग्रंथ घरोघर.

युद्ध संपल्यावरचे दोन प्रसंग या रिसाल्याच्या कीर्तीला शोभणारे नाहीत. डिसेंबर 1918 मध्ये एका न्यूझीलंडच्या शिपायाच्या खुनाचा सूड म्हणून अँझॅक डिव्हिजनच्या काही माणसांनी सुराफेंद गावावर रात्री चालून जाऊन तेथील कित्येक पुरुषांची हत्या केली. ॲलनबी संतापला आणि डिव्हिजनला उभी करून त्याने तिची निर्भर्त्सना केली. पण खुनी कोण हे कधी बाहेर आले नाही. दुसरा प्रसंग घोड्यांचा. रोगप्रतिबंधाचे नियम आणि जहाजांचा खर्च यांपायी घोडे परत नेण्यास मनाई झाली. म्हाताऱ्या व आजारी जनावरांना हुकमाने गोळ्या घातल्या गेल्या, सुदृढ घोडे ब्रिटिश व हिंदी फौजेकडे वर्ग झाले. प्रत्येक स्वाराने आपला घोडा स्वतः मारला ही दंतकथा करुण असली तरी दंतकथाच आहे.

मायदेशी परतल्यावर शोव्हेल प्रथम सेनेचा महानिरीक्षक आणि 1923 पासून सेनाप्रमुख झाला. ही वर्षे त्याने दरसालच्या अहवालांत सरकारला बजावण्यात घालविली, की नि:शस्त्र, अर्धशिक्षित फौज पुढच्या युद्धात पाठविणे म्हणजे माणसांचा बळी देणे होय. सरकारांनी अहवाल वाचले आणि अंदाजपत्रकातील रक्कम कमी केली. 1929 मध्ये सक्तीचे लष्करी शिक्षणच बंद झाले. त्याच वर्षी 11 नोव्हेंबरला, फ्रान्समध्ये ऑस्ट्रेलियन फौजेचा सेनापती असलेला जॉन मोनॅश व शोव्हेल यांना पूर्ण जनरलचा हुद्दा मिळाला. दोघेही 1865 साली जन्मलेले, एक स्थापत्यशास्त्राचा ज्ञाता आणि दुसरा पागेतला. 1930 मध्ये तो निवृत्त झाला. त्याचे दोन्ही मुलगे ऑस्ट्रेलियन फौजेचे राजीनामे देऊन हिंदुस्थानच्या फौजेत गेले, म्हणजे पणजोबांच्याच वाटेने.

दुसरे महायुद्ध आले तेव्हा तो चौऱ्याहत्तर वर्षांचा होता. ‘व्हॉलंटियर डिफेन्स कोअर’ या माजी शिपायांच्या राखीव दलाची तपासणी त्याने पत्करली आणि वृद्ध स्वयंसेवकांच्या कवायती पाहात तो राज्याराज्यांतून हिंडला. याच काळात, 1940 साली, त्याचा पुतण्या चार्ल्स शोव्हेल याचा ‘फोर्टी थाउजंड हॉर्समेन’ हा चित्रपट पडद्यावर आला. बीरशेबाची धाव सिडनीजवळच्या क्रोनुला येथील वाळूच्या टेकड्यांवर खऱ्या लाइट हॉर्सच्या स्वारांकडून चित्रित केली गेली, आणि प्रेक्षकांनी ती डोक्यावर घेतली. तपासणीचे काम मात्र चालूच होते. 4 मार्च 1945 रोजी मेलबर्न येथे त्याचा मृत्यू झाला.